शहर वाढतं तसे रस्ते एकमेकांना भेटायचे का थांबतात?

नकाशेबहाद्दर

घरात जुनी लाइट बिलं किंवा टॅक्सच्या पावत्या असतील तर त्यावरचा पत्ता एकदा नीट वाचा. पुण्याचं सांगतो, कारण मला तेच माहितीये. पेठेत घर असेल तर घर नंबर नाहीतर सि.स. (सिटी सर्व्हे) नंबर. डेक्कन, प्रभात रोड, शिवाजीनगरकडे आलात की 'फायनल प्लॉट नंबर'. आणि तिथून पुढं कोथरूड, वडगाव, धायरी, बाणेर, वाकड कुठंही जा, 'सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा नंबर तमुक'. हे तीन पत्ते म्हणजे रस्ते तयार व्हायच्या तीन वेगळ्या तऱ्हा आहेत, आणि माझं म्हणणं एवढंच की वर कितीही मेट्रो आणि फ्लायओव्हर बांधा, जमीन पहिल्यांदा जशी कापली गेली तशीच ती गल्ली पुढची शंभर वर्षं राहते.

पेठा हळूहळू भरत गेल्या. गल्ल्या अरुंद, वाकड्यातिकड्या, पण बहुतेक गल्ली कुठंतरी निघते, आणि गाडी जात नाही तिथं बोळ असतो. डेक्कनकडचा भाग टीपी (टाउन प्लॅनिंग) स्कीमचा. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यातून आलेली पद्धत: सगळ्यांच्या जमिनी आधी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते आखायचे आणि उरलेल्या जागेचे सरळ प्लॉट पाडून ज्याचे त्याला परत द्यायचे. म्हणून प्रभात रोडच्या गल्ल्यांना नंबर आहेत आणि त्यातल्या बहुतेक दोन्ही तोंडांनी उघड्या आहेत. तिसऱ्या तऱ्हेत कुणीच काही एकत्र केलं नाही. एकेक शेत विकलं गेलं, एकेकानं आपापल्या बांधाच्या आत रस्ता काढला, आणि तो बांधापाशी संपला. नकाशा झूम करून बघा, माशाचा काटा दिसेल, मधे एक मुख्य रस्ता आणि दोन्ही बाजूंना आंधळ्या शाखा.

यावर जगभर काम झालंय. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या दोन संशोधकांनी ओपनस्ट्रीटमॅप घेऊन अख्ख्या जगातले चौक मोजले. एका चौकात किती रस्ते येऊन मिळतात, किती रस्ते नुसतेच संपतात, हवाई अंतराच्या मानानं किती फिरून जावं लागतं, असं सगळं मिळून एक निर्देशांक काढला. आधी २०१५ साली अमेरिकेवर, मग २०२० साली जगावर. अमेरिकेत नवीन रस्त्यांचं तुटकेपण १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वाढत गेलं आणि नंतर थोडं सुधारायला लागलं. आपल्याकडच्या आशियात अजून चढाच दिसतो, आणि त्याचं एक कारण म्हणजे गेट लावलेल्या वसाहती.

तुमच्या गावात काय चित्र आहे? पुण्याबाहेरच्यांनीही लिहा.

---

पेठेतला_पाहुणा

लेख छान पण पेठांचं एवढं कौतुक नको हो. संध्याकाळी सहाला लक्ष्मी रोडला या, मग कळेल रस्ते एकमेकांना भेटतात म्हणजे काय होतं ते. सगळे एकाच वेळी भेटतात.

---

नकाशेबहाद्दर

@पेठेतला_पाहुणा, रुंदी वेगळी आणि जोडणी वेगळी. पेठेत रुंदी नाही, जोडणी आहे. म्हणून तिथं चालत सुटलात तर मंडईपासून शनिवारवाड्यापर्यंत वाटेल तसं जाता येतं, एक रस्ता मांडव घालून बंद केला तरी माणूस शेजारच्या गल्लीतून निघतो. गणपतीचे दहा दिवस पेठा चालतात त्या यामुळेच. हेच सिंहगड रोडला करून बघा, एक झाड पडलं तरी धायरीपर्यंत सगळे अडकतात, कारण एका बाजूला नदी, दुसरीकडे कॅनॉल आणि टेकडी, आणि मधे रस्ता म्हणावा असा तो एकच.

---

मोजणीदार

मी भूमी अभिलेखमधून रिटायर झालोय, बत्तीसएक वर्षं टेबल आणि साखळी दोन्ही केलंय, त्यामुळे चार गोष्टी सांगतो. मोबाईलवरून टाइप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

बांधाचं धागाकर्त्यांनी बरोबर पकडलंय पण बांध मुळात कसा पडतो ते बघा. समजा एका माणसाची आठ एकर आहे, रस्त्याला तोंड थोडं आणि खोली जास्त. चार मुलं. वाटणी करताना प्रत्येकाला रस्त्याचं तोंड पाहिजे, विहिरीचं पाणी पाहिजे, काळी जमीन पण पाहिजे आणि मुरमाडाची पण सगळ्यांनी थोडी थोडी वाटून घ्यायची. मग वाटणी आडवी होतच नाही, उभीच होते. रस्त्यापासून आत लांबच लांब पट्ट्या. पुढच्या पिढीत त्या पट्टीच्या परत पट्ट्या. फाळणी नकाशे काढून बघा, काही हिस्से इतके चिंचोळे की नांगर वळवायला शेजाऱ्याला विचारायला लागतं. आता अशी एक पट्टी बिल्डरनं किंवा प्लॉटिंगवाल्यानं घेतली तर तो काय करणार? मधून एक रस्ता सरळ आत, दोन्हीकडे प्लॉट, आणि शेवटी भिंत. दुसरं काही तिथं बसतच नाही. शेजारच्या पट्टीवाल्यानंही तेच केलेलं असतं, त्याच्या रस्त्याचा आणि याच्या रस्त्याचा काही संबंध नाही, दोघं फक्त मेन रोडला भेटणार.

शेतीत हे चालत होतं कारण कुणाची वाट अडली तर तहसीलदाराकडे जायचं. महसूल संहितेचं कलम १४३, बांधावरून वाट मिळते. मामलेदार कोर्ट ॲक्ट १९०६ चा, त्यात अडवलेली वहिवाटीची वाट मोकळी करून मिळते. शिवेवर शिवरस्ते होते, पाणंद होत्या, गावनकाशात गाडीवाट आणि पायवाट वेगवेगळ्या खुणेनं दाखवलेल्या असायच्या. म्हणजे गावाला जोडणी होतीच, बैलगाडीच्या मापाची का असेना. जमीन एनए (बिगरशेती) झाली की हे सगळं विसरलं जातं. पाणंद नकाशावर असते, जागेवर कंपाउंड असतं. माझ्या नोकरीत नव्या वस्तीत कुणी पाणंद मोजून मागितल्याची प्रकरणं बोटावर मोजण्याइतकी, आणि ती पण बहुतेक भांडणातून आलेली.

गुंठेवारीचं तर विचारूच नका. १९४७ चा तुकडेबंदी कायदा असल्यामुळे गुंठ्या-दोन गुंठ्याचं स्वतंत्र खरेदीखत वर्षानुवर्षं होत नव्हतं, मग दहाबारा जण मिळून सामाईक खरेदी करायचे, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं, आणि रस्ता नोटरीच्या कागदावर. वीस फूट म्हणून लिहितात, पायऱ्या आणि जिने बाहेर आले की राहतात बारा. २००१ साली गुंठेवारी कायदा आला, बांधकामं नियमित करायची सोय झाली, पण भिंतीआडचा रस्ता कायद्यानं कुणाला भेटत नाही.

---

चारभिंतीतला_आर्किटेक्ट

मोजणीदार काकांना साष्टांग. आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूचं सांगतो.

लोकांना वाटतं डीपी (विकास आराखडा) आला म्हणजे रस्ते आले. डीपीत फक्त मोठे रस्ते असतात. दोन डीपी रस्त्यांच्या मधे जी पन्नास-शंभर एकर जागा असते तिच्यातले छोटे रस्ते कुणीच आखत नाही, ते ज्याच्या त्याच्या ले-आउटमधे पडतात. आणि ले-आउट सुटा सुटा मंजूर होतो. माझ्या ड्रॉइंगवर शेजारचा प्लॉट म्हणजे एक तुटक रेघ आणि 'लगतची जमीन' एवढे दोन शब्द. शेजाऱ्याला जोड द्या असं क्लायंट कधीच म्हणत नाही, कारण रस्त्यात गेलेला प्रत्येक फूट त्याला विकता येत नाही, वर आतला रस्ता जितका लांब तितका तो रुंद ठेवावा लागतो, मग आखूड आंधळा रस्ता स्वस्त पडतो. त्यात मार्केटिंगवाल्यांना एकच गेट पाहिजे, कमान, कारंजं, सिक्युरिटी. दोन गेट म्हणजे दोन वॉचमन.

आणखी एक प्रकार आहे, तो कागदावर कधीच दिसत नाही. रस्ता पार बांधापर्यंत नेतात पण शेवटची हातभर पट्टी स्वतःच्या नावावर ठेवतात. मागच्या जमीनवाल्याला उद्या रस्ता जोडायचा असेल तर त्या हातभर पट्टीचे पैसे मोजायचे. इंग्लंडात आणि अमेरिकेत पण हे चालतं, आपल्याकडं मुळशी-हवेलीत कुणाला शिकवायला लागलं नाही.

आणि डीपी रस्ता तरी कुठे सलग होतो. ज्याचा प्लॉट डेव्हलप होतो त्याच्याकडून तेवढा तुकडा ताब्यात येतो, बदल्यात एफएसआय (तिथंच जादा बांधकाम) किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क). ज्याला डेव्हलप करायचं नाही त्याचा तुकडा तसाच. म्हणून नव्या भागात शंभर मीटर काँक्रीट, स्ट्रीटलाइट, सायकल ट्रॅक, आणि पुढं डायरेक्ट ज्वारी. या तुकड्यांना महापालिका 'मिसिंग लिंक' म्हणते. बालेवाडी आणि वाकडच्या मधे मुळा नदीवर पूल बांधून झाला पण बालेवाडीच्या बाजूचा जोडरस्ता भूसंपादनात वर्षानुवर्षे अडकला, ते सगळ्यांना माहितीये. पूल तयार आणि त्याला पोचायला रस्ता नव्हता.

---

ज्वारीवाला

आर्किटेक्ट साहेब, ती ज्वारी आमची. म्हणजे अगदी तीच नाही पण तसलीच.

आमचं गाव २०२१ ला महापालिकेत गेलं, तेवीस गावं गेली त्यातलं. शेतातून डीपी रोड पडलाय असं दोन वेळा कळलं, दोन वेळा वेगळ्या जागेवरून. पैसे विचारले तर म्हणतात टीडीआर घ्या. टीडीआर मी काय पेरू का? बिल्डरला तो विकता येतो, त्याची माणसं आहेत, सीए आहे, आम्हाला दलाल जो भाव सांगेल तो. शेजारच्या सोसायटीवाले येऊन मला म्हणतात दादा तुमच्यामुळं आमची पोरं लांबून शाळेत जातात. बरं. पण तुमच्या बिल्डरनं तुम्हाला फ्लॅट विकताना ब्रोशरमधे माझ्या शेतातून रस्ता काढून दाखवला होता, तेव्हा मला विचारलं होतं का? आणि आमची जुनी वहिवाट त्याच सोसायटीच्या भिंतीनं बंद केली, आता आम्ही ट्रॅक्टर हायवेवरून फिरवून आणतो. मोजणीदार काका म्हणतात ते १४३ चं आम्ही पण करून बघितलं, तारखा चालू आहेत.

रस्ता नको असं कुणी शेतकरी म्हणत नाही. फुकट नको एवढंच.

---

मृण्मयी_ब

सोसायटीची सेक्रेटरी म्हणून लिहिते, आता सगळे माझ्यावर तुटून पडतील. आमचा रस्ता आंधळा आहे आणि आम्हाला तो तसाच हवाय. मुलं रस्त्यावर क्रिकेट खेळतात, सायकल शिकतात, ज्येष्ठ नागरिक खुर्च्या टाकून बसतात, गाड्या फक्त इथल्याच आणि हळू. पलीकडच्या गल्लीत भिंत पडली आणि रस्ता आरपार झाला, तेव्हापासून सकाळी आठ ते अकरा आयटीवाले आणि डिलिव्हरीवाले सुसाट, स्पीडब्रेकर घालूनही. नकाशा बघणाऱ्यांना तो शॉर्टकट वाटतो, पण तिथं राहणाऱ्यांच्या दारातून रात्रंदिवस हॉर्न वाजतो. तुमच्या निर्देशांकात हॉर्न मोजतात का?

---

पेठेतला_पाहुणा

मृण्मयीताईंना +१. जोडणी हवी सगळ्यांना, पण दुसऱ्याच्या गल्लीतून.

---

उत्रेख्तचा_पाटील

इथं नेदरलँड्समधे यावर उपाय केलाय. उत्रेख्तजवळ हाउटन नावाचं गाव आहे, आमच्यापासून ट्रेननं थोडं अंतर. १९७० च्या दशकात ते वाढवायचं ठरलं तेव्हा त्यांनी गाडीचं जाळं आणि सायकलचं जाळं वेगळंच केलं. गाडी घेऊन एका मोहल्ल्यातून शेजारच्या मोहल्ल्यात थेट जाताच येत नाही, बाहेरच्या रिंगरोडवर जायचं आणि फिरून यायचं. सायकल आणि चालणारा मात्र सरळ मधून स्टेशनला. म्हणजे गाडीसाठी मृण्मयीताईंची आंधळी गल्ली आणि पायी माणसाला पेठ. पोरं एकटी शाळेत जातात.

तेव्हा भिंत पाडायची की ठेवायची हा वादच थोडा चुकीचा आहे. भिंतीत पाच फुटांची फट ठेवा, मधे दोन खांब रोवा, बाईक जाणार नाही असं. खर्च किती येणार?

---

मृण्मयी_ब

@उत्रेख्तचा_पाटील, बाईक जाणार नाही असे खांब अजून भारतात तयार व्हायचेत 😀 पण कल्पना वाईट नाही. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे बसस्टॉप आहे, हवेत दोनशे मीटर असेल, आमच्या कामवाल्या मावशींना मात्र मेन गेटनं बाहेर पडून हायवेला वळसा घालून दीडदोन किलोमीटर चालायला लागतं. हा मुद्दा मी मीटिंगमधे एकदा काढला होता तेव्हा सिक्युरिटीचं कारण देऊन विषय बंद केला गेला. ठराव मांडताना कुणी मावशींना विचारलं नाही हेही खरं.

---

बसची_वाट

धन्यवाद, कुणीतरी बस काढली! मी रोज पीएमपीच्या बसनं जाते त्यामुळे हा माझा दुखरा विषय आहे. बसवाले नव्या भागात आत का येत नाहीत म्हणून लोक ओरडतात, पण बस आत आली तर वळणार कुठं? आंधळ्या रस्त्यावर बस घालायची म्हणजे रिव्हर्स घ्यायला लागणार. ती मग मेन रोडवरच थांबते आणि स्टॉपपासून घर लांब पडतं, मग लोक टूव्हीलर घेतात, मग मेन रोड अजून जाम होतो, मग बस अजून उशिरा. कचऱ्याच्या गाडीचं, टँकरचं, फायर ब्रिगेडचं पण तेच. एकच तोंड असलेल्या वस्तीत त्या तोंडावर टँकर उभा असला की ॲम्ब्युलन्सनं काय उडून यायचं?

आणि हे सगळं मेन रोडवर येऊन पडतं म्हणून तो रुंद करा, त्यावर फ्लायओव्हर करा. हिंजवडीचं बघा. एमआयडीसीनं आत रस्ते मोठे केले, पण आत जायची यायची तोंडं मोजकी, वाकडचा भूमकर चौक आणि तिकडं शिवाजी चौक. तिथं वाट्टेल तेवढ्या लेन करा, माणसं त्याच फनेलमधून येणार.

---

पंचगंगा_घाट

कोल्हापूरकडून हजेरी. आमच्याकडे राजारामपुरी, शाहूपुरी इथं पत्ता विचारला की लोक गल्लीचा नंबरच सांगतात, राजारामपुरी आठवी गल्ली, अकरावी गल्ली. पहिल्यांदा आलेला माणूस पण चुकत नाही. जयसिंगपूर तर पूर्ण गावच शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं नव्यानं वसवलं, सरळ रेघेत. तिथं एक गल्ली खणली तर शेजारच्या गल्लीतून जा, विषय संपला.

आणि मग आम्ही काय केलं? १९७२ ला महापालिका झाली आणि पुढं हद्दवाढीचं भांडण. गावांना शहरात यायचं नाही कारण घरफाळा वाढणार आणि बदल्यात काय मिळणार ते दिसत नाही, आणि त्यांचं पूर्ण चुकीचं पण नाही. पण शहर काय थांबतंय होय? उचगाव, पाचगाव, कळंबा सगळीकडे घरं झाली, प्लॉटिंग झालं, ग्रामपंचायतीनं जसं दिलं तसं. राजारामपुरीच्या नकाशावरून पाचगावच्या नकाशावर या, दोन वेगळ्या शहरांचे वाटतील. महाराजांच्या काळात गल्ली आखता येत होती आणि आता येत नाही, याला तंत्रज्ञान कमी पडलंय असं कुणी म्हणू नये.

---

सीताबर्डी_एक्स्प्रेस

राजेहो, नागपूरची पण दर्दभरी कहाणी ऐका. आमच्याकडे नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्यातून आली, त्यांनी पाडलेले जुने ले-आउट एकदम मस्त, रुंद, झाडं, मैदानं. अन् मग बाजूला खाजगी सोसायट्यांनी शेतं घेऊन धडाधड ले-आउट टाकले, मंजुरी नाही काही नाही. ते नंतर नियमित करायला घेतले तर त्याची यादीच एवढी की लोक त्याला '५७२ ले-आउट' आणि '१९०० ले-आउट' असं आकड्यानंच ओळखतात. इथं कुणी घर घेत असेल तर ब्रोकरला पहिला प्रश्न हाच, आरएल (ले-आउट नियमित झाल्याचं पत्र) मिळालं का. रस्ता समोरच्या ले-आउटला मिळतो का हा प्रश्न कोणी विचारतच नाही ना बावा, अन् तिथंच तर सगळं फसलेलं असते.

---

रिचमंडची_राणी

मी व्हर्जिनियात राहते. अमेरिकेत हे अपघातानं झालं असं वाटत असेल तर नाही, ठरवून झालं. १९३० च्या दशकात केंद्र सरकारच्या गृहकर्ज विमा खात्यानं डेव्हलपरांना पुस्तिकाच काढून दिल्या की चौकटीचे रस्ते नकोत, वळणाचे आणि आंधळे रस्ते करा, आणि कर्जाला विमा पाहिजे तर असं करा. सगळ्यांनी केलं. माझ्या घराच्या मागच्या कुंपणाला लागून एक देसी कुटुंब आहे, आम्ही कुंपणावरून डबे देतो, पण गाडीनं त्यांच्या दारात जायचं तर दोन सिग्नल आणि एक हायवे.

आमच्या राज्यानं २००९ साली एक नियम आणला होता तो मला फार आवडतो. नवीन वसाहतीचे रस्ते शेजारच्या रस्त्यांना जोडलेले असतील तरच राज्य त्यांची देखभाल करायला घेणार, नाहीतर बर्फ तुमचा तुम्ही काढा. बिल्डर लॉबी ओरडली, दोनच वर्षांत तो सैल केला. पण एक गोष्ट राहिली, रस्ता हद्दीपर्यंत आणून सोडतात आणि तिथं पाटी असते की हा रस्ता पुढं वाढणार आहे. घर घेणाऱ्याला आधीच माहिती असतं. आपल्याकडं तशी पाटी लावली तर निम्मी भांडणं वाचतील.

---

चारभिंतीतला_आर्किटेक्ट

पाटी लावली तर फ्लॅट कमी भावात जाईल, म्हणून लावत नाहीत. पण डेव्हलपमेंट रूलमधे हे सक्तीचं करायला काही हरकत नसावी.

मगरपट्ट्याचा विषय कसा नाही आला अजून? शंभर-सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी सुमारे चारशे एकर स्वतःहून एकत्र केली, कुणी संपादन केलं नाही, आणि आतले रस्ते बघा, एक पण तुकडा ज्वारीनं अडलेला नाही. जमीन एकत्र आली की रस्ता आपोआप नीट पडतो, टीपी स्कीमचं तत्त्व हेच. फक्त तेही शेवटी गेटच्या आतलं शहर, बाहेरचं हडपसर तसंच्या तसं.

---

टेकडीप्रेमी

सगळं मान्य पण 'जोडा जोडा' म्हणताना जरा जपून. बालभारती ते पौड फाटा रस्ता पण जोडणीच्याच नावाखाली वेताळ टेकडीतून न्यायचा घाट आहे. सगळ्या तुटलेल्या जागा जोडायच्या नसतात, काही तिथं टेकडी, नाला, नदी आहे म्हणून तुटलेल्या आहेत.

---

नकाशेबहाद्दर

@टेकडीप्रेमी, त्याला मी जोडणी म्हणतच नाही. टेकडीतून एक मोठा रस्ता काढला तर दोन जाम मेन रोड एकमेकांना चिकटतील, बाकी काही नाही. मी म्हणतोय त्या दहा-वीस फुटांच्या जोडण्या, भिंतीपलीकडच्या. त्यांचं उद्घाटन करायला कुणी येत नाही, फोटो निघत नाही, म्हणून त्या होत नाहीत. कोट्यवधींचा फ्लायओव्हर मंजूर होतो आणि शेजारच्या दोन ले-आउटमधली तीस मीटरची जागा कुणी घेत नाही.

---

टेकडीप्रेमी

तुम्ही म्हणत नसाल. टेंडर काढणारे म्हणतात. शब्द तुमचाच वापरतात.

---

ज्वारीवाला

टीपी स्कीमचं पुन्हा निघालंय म्हणून विचारतो. उरुळी-फुरसुंगीकडं महापालिकेनं टीपी काढल्या, म्हाळुंगे-माणला पीएमआरडीएनं (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) काढली. आमच्याकडं पण काढणार अशी चर्चा आहे. मीटिंगला एक साहेब म्हणाले की निम्मी जमीन जाईल पण उरलेल्या निम्मीला दुपटीहून जास्त भाव येईल. दोन एकरवाल्यानं एक एकर द्यायची, विश्वासावर? आणि किती वर्षं लागणार ते कुणी सांगत नाही, तोवर विकता पण येत नाही आणि बांधता पण येत नाही.

---

मोजणीदार

ज्वारीवाले, तुमची भीती रास्त आहे. गुजरातेत ही पद्धत थांबलीच नाही, अहमदाबादचे रिंगरोड आणि उपनगरं अशीच झाली, तिथल्या शेतकऱ्याला माहिती असतं शेजारच्या गावाला काय मिळालं. आपल्याकडं १९६६ च्या नगररचना कायद्यात टीपीची तरतूद असूनही मधली कित्येक वर्षं ती जवळपास वापरलीच नाही, त्यामुळे आता कुणाचा भरवसा बसत नाही. लवाद नेमायचा, अंतिम भूखंड ठरवायचे, हरकती ऐकायच्या, यात वेळ जातो हे खरंय. पण तुमची पट्टी चिंचोळी असेल तर एक सांगतो. आज तुमच्या दोन एकरातली रस्त्याला लागलेली जेवढी असेल तेवढ्यालाच भाव आहे, आतली बिल्डर पाडून मागणार. टीपीत एक एकर राहिली तरी ती चौकोनी आणि रस्त्यावरची असते. सातबाऱ्यावरचा आकडा बघू नका, तोंड किती मीटर येतंय ते विचारा. मीटिंगला तोच प्रश्न करा, आणि उत्तर लेखी मागा.

---

मृण्मयी_ब

काका, एक विचारायचं होतं. आमच्या भागाचा प्रारूप डीपी आला आणि त्यात आमच्या मागच्या बाजूची पायवाट दाखवलेली नसेल तर आम्ही काय करू शकतो? भिंतीतल्या फटीचं मी कमिटीत बघते, पण पलीकडची जागा आमची नाही.

---

मोजणीदार

प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनेला ठरावीक मुदत असते, नगररचना कायद्याचं कलम २६. नुसतं 'रस्ता पाहिजे' लिहू नका, तसले अर्ज गठ्ठ्यात जातात. जुना गावनकाशा भूमी अभिलेखच्या ऑफिसातून काढा, त्यात पाणंद किंवा पायवाट दाखवलेली असेल तर तिची नक्कल जोडा. दोन्ही बाजूंचे सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर लिहा, बसस्टॉप दाखवा, रुंदी किती मागताय ते लिहा, पायी आणि सायकलसाठी असं स्पष्ट म्हणा म्हणजे तुमच्याच सोसायटीतले लोक विरोधात जाणार नाहीत. सुनावणीला बोलावतील तेव्हा जा, बरेच जण जात नाहीत. पलीकडची जागा कुणाची आहे?

---

मृण्मयी_ब

एका शेतकऱ्याची. पेरू लावलेत.

---

ज्वारीवाला

मग अर्ज द्यायच्या आधी त्याला भेटा ताई. पेपरातून कळलं तर तो पहिल्यांदा तारेचं कुंपण घालेल. आमच्या इथं तसंच झालंय.